एका टिंबापायी: रुग्णप्रतिनिधी होण्याचा माझा अनुभव

माझ्या केशरी रेशनकार्डावर माझं नाव ‘मदाकिनी’ असं होतं. ‘म’वरचं टिंब राहून गेलेलं. १९९९ साली तिरंगी कार्डं आली तेव्हापासून ते तसंच होतं आणि तेवीस वर्षांत त्यावाचून आमचं कधी अडलं नाही. साखर मिळाली, गहू मिळाले, मुलांच्या शाळेत झेरॉक्स चालली. अडलं ते २०२२च्या नोव्हेंबरात. डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे ठरले, आणि रुग्णालयातल्या योजनेच्या टेबलावर सांगण्यात आलं की आधारवर मंदाकिनी आहे, कार्डावर मदाकिनी आहे, आधी दुरुस्त करून आणा. १४ नोव्हेंबरला बायोप्सी झाली होती, २३ला रिपोर्ट आला. दुरुस्त कार्ड हातात पडलं १२ डिसेंबरला. एकोणीस दिवस गेले. पहिली केमो १६ डिसेंबरला लागली.

त्या एकोणीस दिवसांत मी रोज रात्री गाठ चाचपून बघायची. वाढली असेल का, एवढाच विचार डोक्यात.

आजारपणाबद्दल पुन्हा कधी लिहीन. सहा महिने केमो, ऑपरेशन, मग लाईट म्हणजे रेडिएशन, असं करत २०२३च्या ऑक्टोबरात सगळं संपलं आणि आता रोज एक गोळी चालू आहे. आज लिहायचंय ते २०२५ साली मी रुग्णप्रतिनिधी होण्याचं जे प्रशिक्षण घेतलं त्याबद्दल. मी पुण्यात दत्तवाडीत ब्लाउज शिवते, शिक्षण बारावी. ‘धोरण’ हा शब्द मी फक्त बातम्यांत ऐकला होता. असलं प्रशिक्षण असतं हेही माहीत नव्हतं, आणि फॉर्म हातात आला तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते.

जानेवारी २०२५मध्ये फॉलोअपला गेले होते. तिथल्या समाजसेविका मॅडमनी दोन पानी फॉर्म दिला. एक सेवाभावी संस्था कॅन्सरमधून उठलेल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना शिकवणार होती. सरकारदरबारी, रुग्णालयांच्या समित्यांमध्ये रुग्णांच्या वतीने नीट बोलता यावं, यासाठी. फी नव्हती, ५०० रुपये अनामत होती आणि आठपैकी सात दिवस हजर राहिलं तर ती परत. उपचार संपून वर्ष झालेलं असावं ही अट होती, आणि ‘हिला ताण झेपेल’ अशी डॉक्टरांची चिठ्ठी. ही चिठ्ठी फॉलोअपच्या दिवशीच मागून घ्या. मी घरी जाऊन विचार करते म्हणाले आणि त्या एका सहीसाठी पुन्हा अर्धा दिवस ओपीडीत बसले.

फॉर्ममध्ये एकच मोठा प्रश्न होता: तुम्हाला काय बदलायचं आहे? मी लिहिलं, ‘गरीब रुग्णांचे हाल थांबले पाहिजेत.’ पुढे याच वाक्यावरून मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

फेब्रुवारीत फोनवर मुलाखत झाली, वीसेक मिनिटांची. घरात मशीन चालू होतं, ते बंद करून स्वयंपाकघरात दार लावून बसले. त्यांनी विचारलं की पुन्हा सगळं आठवून त्रास झाला तर घरी कोण आहे? शनिवारी कामाचं काय कराल? मार्च-एप्रिल म्हणजे आमची लग्नसराई, शनिवार बुडाला की तीन-चार ब्लाउज मागे पडतात. मी खरं ते सांगितलं, की रात्री बसून शिवीन. आमचे हे म्हणाले, जा तू, काज-बटणं मी बघतो. त्यांनी ती खरोखरच बघितली.

१ मार्चपासून १९ एप्रिलपर्यंत आठ शनिवार, सकाळी साडेदहा ते चार, नव्या पेठेतल्या एका हॉलमध्ये. पीएमपीचा दिवसाचा पास तेव्हा ४० रुपयांचा होता. डबा घरचा. आम्ही बावीस जण होतो. हडपसरच्या एक ताई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून उठलेल्या, शिरूरचे एक काका जबड्याचं ऑपरेशन झालेले, भोरच्या एक ताई, एक कॉलेजचा मुलगा ज्याच्या वडिलांना रक्ताचा कॅन्सर होता. पहिल्या दिवशी प्रत्येकाने उपचारांच्या काळातली एक वस्तू आणायची होती. कुणी टोपी आणली, कुणी सलाईनची पट्टी. मी रेशनकार्ड आणलं. चार घड्या पडलेलं, मधल्या घडीवर चिकटपट्टी, वर प्लास्टिकचं कव्हर. टिंब हिरव्या शाईने दिलेलं आहे आणि शेजारी शिक्का.

मग प्रत्येकाने तीन मिनिटांत आपली गोष्ट सांगायची. मी सांगितली अकरा मिनिटं, आणि त्यातली निम्मी रडण्यात गेली. शिकवणाऱ्या मॅडमनी मध्ये तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, “ताई, हे सगळं ऐकून समोरच्या साहेबांनी उद्या सकाळी नेमकं काय करायचं?” मला उत्तर देता आलं नाही. हाल थांबवा, म्हणजे कुणी, कुठल्या टेबलावर, कधीपर्यंत? दुपारी सगळ्यांच्या गोष्टींवर हाच प्रश्न आला. घरी येताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की एकोणीस दिवसांचं दुःख मी दोन वर्षं सांगत होते, पण ते एकोणीस दिवस गेले कशात, हे मी कधी मोजलंच नव्हतं. गिऱ्हाईक ‘ब्लाउज नीट बसत नाही’ म्हणतं तेव्हा मी खांदा बघते, मुंढा बघते, टेप लावते. तेच इथे करायचं होतं. त्या रात्री वहीत लिहून काढलं: रिपोर्ट घ्यायला एक दिवस, टेबलावर चूक कळायला एक, सुटीचे दिवस पाच, अर्ज दिल्यावर साहेब दौऱ्यावर म्हणून तीन, असं करत करत एकोणीस भरले. आणि तेव्हाच दिसलं की बायोप्सी ते रिपोर्ट हे नऊ दिवस मी घरी नुसती बसून होते. चूक त्या नऊ दिवसांत कुणी दाखवली असती तर दुरुस्तीचं निम्मं काम रिपोर्ट येण्याआधीच झालं असतं.

शिरूरच्या काकांना जबड्यामुळे शब्द सावकाश आणि अस्पष्ट येतात. तीन मिनिटांत त्यांची दोन वाक्यं झाली. मॅडम म्हणाल्या, काकांना सहा मिनिटं. आणि आम्हाला सांगितलं, की कुठल्याही बैठकीला जाताना हे आधीच मागून घ्यायचं, नाहीतर तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस कधीच बोलू शकणार नाही आणि त्याच्या वतीने दुसरेच बोलत राहतील. काका तंबाखूबद्दल बोलत होते. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. त्यांच्या गावच्या टपरीवर पुडी मात्र मागितली की मिळते. कान देऊन ऐकलं की त्यांचा प्रत्येक शब्द कळत होता.

दुसऱ्या शनिवारी आकडे वाचायला शिकवलं. मला धास्ती होती, गणित माझं कच्चं. पण टक्के म्हणजे कशाचे टक्के, एवढाच प्रश्न पकडून ठेवायचा होता. शंभर बायकांपैकी चौघींचा आजार परतायचा, औषधाने तो दोघींचा परतला, तर जाहिरातीत लिहितात ‘धोका ५० टक्क्यांनी कमी’. हिशोब खरा आहे, पण फायदा शंभरात दोघींना झाला. औषध घ्यायचं की नाही ते डॉक्टर आणि रुग्ण ठरवतील. सरकारने ते योजनेत घ्यावं अशी मागणी करणाऱ्याने मात्र दोन्ही आकडे सांगायला हवेत. अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या संघटनेने १९९५पासून ‘प्रोजेक्ट लीड’ नावाने रुग्णांना असं विज्ञान शिकवायला सुरुवात केली, तेही त्या दिवशी कळलं. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. आपल्याकडे २०१९च्या नियमांनुसार औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात, निम्मे तरी त्या संस्थेच्या बाहेरचे, आणि त्यांत एक सामान्य माणूस हवाच. ती खुर्ची आपल्यासारख्यांसाठी आहे हे मला माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

तिसरा शनिवार मी कधी विसरणार नाही. फळ्यावर पुण्यातली तीन सरकारी रुग्णालयं लिहिली: ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय आणि कमला नेहरू. विचारलं, मालक कोण? आम्ही सगळे म्हणालो, सरकार. तर ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, औंध सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि कमला नेहरू महापालिकेकडे. तिघांचे मंत्री, साहेब आणि बजेट वेगळं. औंधबद्दलचं निवेदन वैद्यकीय शिक्षण विभागात दिलं तर ते फिरत राहणार. औषधांच्या किमती तर आरोग्य मंत्रालयाकडेही नाहीत. त्या ठरवणारं राष्ट्रीय प्राधिकरण दिल्लीत, रसायने आणि खते मंत्रालयाच्या हाताखाली. आपल्या फुले योजनेचा कारभार राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे. मी उपचार घेतले तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २०२३च्या शासन निर्णयाने ते पाच लाखांवर गेलं आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही योजना लागू झाली. धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठी बाजूला काढावी लागते, आणि तक्रार करायची ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. आजारपणात मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी माझी वही भरली आणि थोडा रागही आला, की हे सगळं कुठेतरी लिहिलेलं होतं आणि आपल्यापर्यंत आलं नाही.

किमतींवर एक पूर्ण शनिवार होता. २०१९च्या फेब्रुवारीत कॅन्सरच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधला गेला. त्याआधी २०१२ साली मूत्रपिंड आणि यकृताच्या कॅन्सरच्या एका औषधाला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट एका कंपनीकडे असतानाही दुसऱ्या कंपनीला ते बनवायची परवानगी, देण्यात आला आणि महिन्याचा सुमारे २ लाख ८० हजारांचा खर्च ८,८०० रुपयांवर आला. २०१३च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कॅन्सरच्या औषधाला पेटंट नाकारणारा जो निकाल दिला, त्या खटल्यात कॅन्सर रुग्णांसाठी काम करणारी मुंबईची एक संस्था पक्षकार म्हणून शेवटपर्यंत उभी होती. हे ऐकताना तो कॉलेजचा मुलगा ताठ बसला. त्याचे वडील त्याच गोळ्यांवर आहेत.

त्याच दिवशी दुपारी पैशांचा विषय निघाला. मॅडमनी आमच्या सगळ्यांच्या पिशव्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. माझ्या पिशवीत एका औषध कंपनीचं नाव असलेलं पेन होतं, दवाखान्यात मिळालेलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, रुग्णांच्या गटाला उद्या एखादी कंपनी हॉल देईल, जेवण देईल, विमानाचं तिकीट देईल, आणि मग तुम्ही तिचंच औषध योजनेत घ्या म्हणून निवेदन द्याल. मदत घेतली तर निवेदनात पहिल्या ओळीत लिहा, नाहीतर घेऊ नका. आमच्या गटाने घ्यायची नाही असं ठरवलं.

मध्ये गुढीपाडवा होता. शिवणाचा ढीग पडला होता, २९ मार्चच्या शनिवारी मी गैरहजर राहिले. एक दिवस चालत होता, अनामत गेली नाही.

त्याच शनिवारपासून भोरच्या ताई यायच्या थांबल्या. आजार हाडांत परतला होता. वर्गात हे सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले, कारण आमच्यापैकी प्रत्येकीने तोच हिशोब स्वतःसाठी केला. प्रशिक्षण घ्यायचं असेल त्यांनी याची मनाची तयारी ठेवा. संस्थेने समुपदेशक ठेवल्या होत्या आणि मी दोनदा त्यांच्याशी बोलले. ताईंनी मात्र आपली मागणी फोनवर सांगून पूर्ण केली. वेदना थांबवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या तालुक्याच्या ठिकाणी मिळाव्यात, एवढीच. २०१४मध्ये कायद्यात बदल होऊन या गोळ्यांच्या परवान्यांची भानगड बरीच कमी झाली, तरी त्यांच्या मुलाला दर वेळी पुण्याला यावं लागत होतं. हडपसरच्या ताईंनी ती मागणी लिहून घेतली. त्यांची स्वतःची मागणी मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लसीची होती. पुण्यातल्याच सीरमने सर्व्हाव्हॅक ही लस बनवली, जानेवारी २०२३मध्ये ती बाजारात आली, पण लसीकरणाच्या सरकारी वेळापत्रकात तेव्हा ती नव्हती. ताई म्हणायच्या, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर लस बनते आणि माझ्या भाचीला विकत घ्यावी लागते.

शेवटचे दोन शनिवार माहिती अधिकार, निवेदन आणि खोटी खोटी बैठक. शेवटच्या शनिवारी माझी मागणी एका पानावर बसली. ‘बायोप्सी होते त्याच दिवशी रुग्णाला कागदपत्रांची यादी लेखी द्यावी आणि आरोग्यमित्राने नाव, जन्मसाल, पत्ता त्याच दिवशी पडताळून बघावा.’ आरोग्यमित्र म्हणजे रुग्णालयात योजनेच्या टेबलावर बसणारा माणूस. त्याआधी सात मसुदे फाडले होते. पहिल्यात मी सगळं घातलं होतं, प्रवासखर्च, टोप्या, उपाहारगृह. मॅडम म्हणाल्या, एका कागदावर एकच. बाकीचं पुढच्या वेळी. शिवणीत माया सोडावी तशी थोडी जागा ठेवा, समोरच्याला त्यात स्वतःचं काही घालता आलं पाहिजे.

खरं काम त्यानंतर सुरू झालं.

२१ एप्रिलला माहिती अधिकाराचा अर्ज दिला. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. कोर्टाजवळच्या स्टॅम्पवाल्याकडे मिळतो, चार-पाच जास्तीचे घेऊन ठेवा. मी विचारलं होतं की कागदपत्रांतल्या तफावतीमुळे गेल्या वर्षी किती कॅन्सर रुग्णांची मंजुरी थांबली आणि किती दिवस. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलं ते ४ जूनला, आणि त्यात एक ओळ होती: ‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ मी खचले. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, “अहो, हेच तर उत्तर आहे. अडलेले रुग्ण कुणी मोजतच नाही.” प्रथम अपील केलं, २० रुपयांचा स्टॅम्प. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत करायचं असतं, मी ३० जूनला दिलं. सुनावणी १७ जुलैला झाली, दहा मिनिटं. समोरचे साहेब सौजन्याने बोलले. रुग्णांची नावं असलेली पानं दाखवता येणार नाहीत म्हणाले, ते योग्यच आहे, पण नोंदीचा कोरा नमुना दाखवला. त्यात अर्जाच्या तारखेचा रकाना होता, मंजुरीच्या तारखेचा होता. कागद कशामुळे अडला, हे लिहायला रकानाच नव्हता.

मागणीत दुसरी ओळ वाढली: तो एक रकाना घाला.

अर्ज, अपील, निवेदन, काहीही द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ही पोच म्हणजे आपण आलो होतो याचा एकमेव पुरावा. मला एकदा ‘ठेवून जा, मिळेल’ असं सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात तो कागद कुणाला सापडेना. तेव्हापासून मी दोन प्रती, डिंक आणि स्वतःचं पेन घेऊन जाते. आणि सोमवारी सकाळी जाऊ नका, मंगळवार-बुधवार बरे.

दरम्यान आम्ही चौघी एका रुग्णालयाची लेखी परवानगी घेऊन, आठवड्यातून एक दिवस, योजनेच्या टेबलाबाहेरच्या बाकावर बसू लागलो. परवानगीला पाच आठवडे गेले. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: बायोप्सीची तारीख, कागद अडला का, कशामुळे. नाव लिहायचं नाही, आणि लिहू का म्हणून आधी विचारायचं. पुरंदरचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता, गालाचा कॅन्सर. थोरल्या भावाने रेशनकार्ड वेगळं काढताना वडिलांचं नाव जुन्या कार्डावरून कमी झालं आणि नव्यावर चढलंच नाही. वडील बाकावर मफलर तोंडाला धरून बसले होते. तो मला म्हणाला, “काकू, माझा बाप कुठल्याच घरातला नाही का?” मी त्याला १५५३८८ या योजनेच्या क्रमांकावर फोन लावून दिला, नाव चढवायच्या अर्जाला काय काय लागतं ते कागदावर लिहून दिलं. तीन आठवड्यांनी ते बाकावर भेटले, मंजुरी मिळाली होती. त्या तीन आठवड्यांत गाल आतून फुटला होता.

वहीत टिंब, आडनावाचं स्पेलिंग, लग्नाआधीचं नाव, जन्मसाल, असल्याच गोष्टी पुन्हा पुन्हा येत राहिल्या. एवढ्या छोट्या कारणाने माणसाचे आठवडे जातात, हे कागदावर एकाखाली एक बघताना मला फार वाईट वाटायचं.

वैद्यकीय अधीक्षकांची वेळ दोनदा पुढे गेली आणि १२ ऑगस्टला मिळाली, दुपारी चार, दहा मिनिटं. आम्ही तिघी गेलो, बोलायचं मी. पाय कापत होते. तीन मिनिटांत गोष्ट, वही पुढे केली, मागणीचं पान दिलं. त्यांनी पान वाचलं आणि आरोग्यमित्राला बोलावून घेतलं. तो तिशीतला मुलगा. म्हणाला, “सर, रिपोर्ट आल्याशिवाय पेशंट माझ्याकडे येतच नाही. आला तर मी बघेन की.” मी इतके दिवस मनात त्या टेबलावर राग धरला होता. त्याच्यासमोरची रांग मी बाकावरून बघितलेली होती, तरी त्याला काय अडचण आहे हे विचारलं नव्हतं. मग त्यानेच सुचवलं, की बायोप्सीच्या खोलीतल्या सिस्टरनी चिठ्ठी दिली तर लोक थेट त्याच्याकडे येतील, आणि ती चिठ्ठी फिक्या निळ्या कागदावर असावी म्हणजे तो रांगेत ओळखू शकेल. माया सोडल्याचा उपयोग असा झाला. अधीक्षक म्हणाले, तीन महिने करून बघू. रकान्याचं मात्र आमच्या हातात नाही, ते वरून यावं लागेल.

चिठ्ठीचा मजकूर आम्ही लिहिला. पाच ओळी, मोठं टाइप, आणि रेशनकार्ड व आधारवरची नावं एकाखाली एक लिहायला दोन रिकाम्या रेघा. अक्षर न् अक्षर, टिंबासकट जुळतं का, ते रुग्णाने स्वतःच बघायचं. पहिल्या पाचशे प्रतींचा खर्च आम्ही वर्गणी काढून केला, पुढचा रुग्णालयाने. सप्टेंबरच्या मध्यापासून चिठ्ठी सुरू झाली.

२०२५च्या सप्टेंबरअखेरीस राज्य मंत्रिमंडळाने कर्करोग उपचारांचं धोरण मंजूर केल्याची बातमी आली, अठरा रुग्णालयांतून तीन स्तरांवर उपचार देण्याचं. त्या रात्री हडपसरच्या ताईंचा फोन आला, “रकाना आता मागायचा. नवीन नमुने छापण्याआधी.” दोन दिवसांत निवेदन लिहिलं, सोबत आमच्या वहीचा गोषवारा आणि निळी चिठ्ठी जोडली. ऑक्टोबरमध्ये सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडून आम्ही दोघी मंत्रालयात गेलो. कॅन्सर रुग्णांची रेल्वेची सवलत उपचारासाठीच्या प्रवासालाच असते, तेव्हा पूर्ण तिकीट काढलं. आधार सोबत ठेवा, आत जायला ओळखपत्र लागतं, आणि सकाळी पोचलात तरी सर्वसामान्यांना प्रवेश दुपारी असतो, तेव्हा सावलीची जागा बघून डबा खाऊन घ्या. ज्या अधिकाऱ्यांना भेटायचं होतं ते बैठकीत होते. निवेदन आवकला दिलं, पोच घेतली. संध्याकाळच्या गाडीने परत. महिन्याने एक पत्र आलं, की निवेदन पुढील कार्यवाहीसाठी संबंधित कक्षाकडे पाठवलं आहे. कक्षाचं नाव त्यात होतं, आता त्या कक्षाला स्मरणपत्र पाठवायचं आहे. नोव्हेंबरात भोरच्या ताई गेल्या. त्यांच्या मागणीची पोच त्यांच्या मुलाला नेऊन दिली.

एकूण खर्च विचारतात म्हणून सांगते: पास, स्टॅम्प, झेरॉक्स, मुंबईची खेप आणि चिठ्ठीची वर्गणी धरून माझे अडीच हजारांच्या आत गेले, बुडालेलं शिवण वेगळं. वेळ म्हणाल तर वर्ष गेलं आणि अजून चालू आहे.

परवा बुधवारी बाकावर बसले होते. बायोप्सीच्या खोलीतून एक बाई निळा कागद घेऊन बाहेर आल्या, पदराने डोळे पुसत. माझ्या शेजारी बसल्या. पिशवीतून रेशनकार्ड काढलं, आधार काढलं, दोन्ही मांडीवर ठेवली आणि बोट लावून एकेक अक्षर जुळवू लागल्या. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ताई, हे ‘शे’ की ‘से’, बघता का जरा? चष्मा घरी राहिला.” मी कार्ड उजेडात धरलं. ‘से’ होतं. आधारवर ‘शे’. आम्ही दोघी उठून टेबलाकडे गेलो. रिपोर्टला अजून आठ दिवस होते.